तिकडे आज किती आहे?

ह्यांनी मला शेवटचं विचारलं ते एवढंच. "अगं, तिकडे आज किती आहे?" हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते, नाकात ऑक्सिजनची नळी होती, आणि भेटायची वेळ संपली म्हणून नर्स दोनदा पडदा सरकवून गेली होती. मी पिशवीत डबा भरत होते. तिकडे म्हणजे कॅनडात, आमच्या लेकीच्या, रेश्माच्या गावाला, आणि किती म्हणजे थंडी किती. मी म्हटलं, "मला काय ठाऊक? ईराला विचारून उद्या सांगते." ते म्हणाले, "विसरू नको. परवा बर्फ पडून गेलाय. आता दिवसा वर चढलं आणि रात्री खाली आलं तर..." पुढचं खोकल्यात गेलं. मी पाठीवरून हात फिरवला, पाण्याचा पेला जवळ सरकवला आणि घरी, तोआ पायोहला जायची बस पकडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी डाळीचा कुकर लावत होते तेव्हा नितीनचा फोन वाजला. नितीन आमचा मुलगा. तो जुरोंग आयलंडला कामाला जातो, कंपनीची बस लवकर असते, म्हणून बूट घालत बसला होता. एक बूट पायात आणि एक हातात, तसाच तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला काही सांगावं लागलं नाही. मी गॅस बंद केला.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. भेटायला आलेले लोक म्हणाले, फार शांत माणूस होता, कधी कोणाला दुखावलं नाही. सिंगापूरला आल्यावर ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना तसंच वाटणार. मी ज्यांच्याशी लग्न केलं ते गृहस्थ शांत नव्हते. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काम केलेला माणूस, पंपाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, घरीसुद्धा ओरडूनच भाकरी मागायचे. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, इथेही घेत नाही. कारखान्यात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, आणि त्या नावाचा त्यांना अभिमान होता, कारण ते नाव त्यांनी मिळवलं होतं.

ती हकिकत त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की मला पाठ आहे. मासळीच्या होड्यांसाठी बर्फाच्या लाद्या तयार होत आणि त्या एका मोठ्या कोठीत रचून ठेवत. कोठीच्या भिंती दुहेरी, मध्ये लाकडाचा भुसा ठासलेला. एका वर्षी कोठीच्या दाराशी, आतल्या बाजूला, बर्फाचा उंबरठा धरू लागला आणि त्याच्यामागे पाणी तुंबून खालच्या फळ्या कुजल्या. मालक म्हणे, रोज पहारीने फोडा. माणसं रोज फोडत, रोज तो पुन्हा धरे, आणि पहारीने फळ्या आणखी फुटत. ह्यांनी दोन दिवस नुसतं बघितलं. मग शिडी लावून छताजवळच्या कोपऱ्यात हात घातला. तिथला भुसा खाली बसला होता आणि बाहेरची गरम हवा तेवढ्या फटीतून आत येत होती. वरच्या लाद्या विरघळत, पाणी उतरत दाराशी येई, आणि तिथे गारठा जास्त म्हणून पुन्हा गोठे. ह्यांनी कोपरा भुसा आणि गोणपाटाने बुजवला. दुसऱ्या दिवसापासून उंबरठा बंद. मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, "तुला कसं कळलं रे?" हे म्हणाले, "बर्फ दिसतो खाली, पण खोड वर असते." तेव्हापासून मिस्त्री. ते सातवी नापास, मी चौथी पास, आणि गावात आमच्याकडे लोक सल्ला विचारायला यायचे. पावसाळ्याआधी कौलं शाकारताना तर त्यांना हमखास बोलावत. कुठल्या कौलातून पाणी शिरतंय ते हे घरात गळतं तिथे न बघता, चार हात वर बघून सांगायचे.

नितीनची मुलगी ईरा झाली तेव्हा त्याने आम्हाला इकडे आणलं. सुरुवातीला सहा महिने म्हणून आलो, मग इथलेच झालो. बाराव्या मजल्यावरचं घर, खाली हॉकर सेंटर म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचा बाजार, लिफ्टमध्ये कोणाशी काय बोलावं ते कळत नसे म्हणून मी लिफ्टच्या कोपऱ्यात तोंड करून उभी राहायचे. ह्यांना काम उरलं नाही. भिंतींना हात लावत फिरायचे, ओल आहे का बघत. एकदा नितीनच्या खोलीतला एसी गळायला लागला. नितीनने एसीखाली टॉवेल अंथरला आणि हे स्टुलावर चढून झाकण उघडून बसले. "आत बर्फ धरलाय," म्हणाले. "जाळी धुळीने बंद झालीय, वारा मिळत नाही, आणि पाण्याची नळी तुंबलीय." नितीन ओरडला, "बाबा, उतरा खाली, तुम्हाला त्यातलं कळत नाही. माणूस येतोय." माणूस आला, एक पन्नाशीचा चिनी गृहस्थ. त्याने झाकण काढलं, जाळी धुतली, नळीतली घाण पंपाने ओढली आणि जे बोलला ते ईराने आम्हाला सांगितलं. सहा वर्षांची होती तेव्हा. "आजोबा, ही सेड सेम सेम, लाइक यू सेड." ह्यांनी त्या माणसाला हाताने खूण करून दाखवलं, तुझं बरोबर. त्या माणसाने ह्यांच्याकडे बघून विचारलं, "अंकल, लास्ट टाइम यू डू एअरकॉन आह?" म्हणजे पूर्वी एसीचं काम करायचात का. हे इंग्रजीत एकच शब्द बोलले. "आइस." दोघं इतके हसले की त्याने जाताना ह्यांना कॉफी प्यायला खाली नेलं. दोन वर्षांनंतरही तो भेटला की हात करायचा. सिंगापुरात ह्यांच्या हुशारीची दखल घेणारा तो एकटा माणूस. अंत्यविधीला त्याला कळवायचं आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात रेश्मा आणि आमचे जावई अमोलराव यांनी तिकडे घर घेतलं. रेश्माला दिवस गेले होते. आमचे रात्रीचे नऊ वाजले की त्यांच्याकडे उजाडत असे, म्हणून शनिवारी जेवणं उरकून आम्ही सगळे फोनसमोर बसायचो. त्या शनिवारी रेश्मा कोट घालून बाहेर अंगणात उभी होती. "बाबा, बघा बघा, पागोळ्याच गोठल्यात!" छपराच्या कडेला हातहात लांब बर्फाच्या कांड्या लटकत होत्या, काचेसारख्या. ईरा म्हणाली, "सो प्रीटी लाह!" सूनबाईने फोटो काढला. हे मात्र चष्मा वर सरकवून फोनच्या अगदी जवळ गेले.

"रेश्मा, फोन वर कर. अजून. आता शेजारच्यांचं छप्पर दाखव."

"काय झालं बाबा?"

"त्यांचं सगळं पांढरं आहे. तुझं मधोमध काळं का दिसतं?"

"ऊन लागत असेल."

"ऊन काय फक्त तुझ्या घरावर पडतं होय?"

आणि मग त्यांनी समजावलं. पूर्वीसारखं, मोठ्या आवाजात. घरातली ऊब माळ्यावर जाते आणि आतून छपराला लागते. वरचा बर्फ तळातून वितळतो, पाणी उतरत वळचणीला येतं. वळचणीखाली घर नाही, ऊब नाही, म्हणून तिथे ते गोठतं आणि बांध धरतो. वरून आणखी पाणी आलं की बांधाशी तुंबणार, भाताच्या खाचरात तुंबतं तसं, आणि छपराच्या पट्ट्यांखालून घरात शिरणार. "पागोळ्या छान दिसतात गं, पण त्या दिसल्या म्हणजे वर पाणी उभं आहे. वरच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला लागून, छताला पिवळा डाग आलाय का बघ." रेश्मा काही बोलायच्या आत अमोलराव फोनमध्ये आले. कॉफीचा कप हातात होता. हसत म्हणाले, "बाबा, हा माशांवर घालायचा बर्फ नाही हो. इथला बर्फ निराळा."

नितीन हसला. सूनबाई हसली. मीही हसले, तोंडावर हात धरून. ह्यांनी बाकी कोणाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मग हेही थोडे हसले आणि मागे सरकून बसले. "असेल, निराळा असेल," म्हणाले. फोन बंद झाल्यावर नितीनने वर आणखी समजूत घातली, "बाबा, ती घरं तिथल्या लोकांनी तिथल्या थंडीसाठी बांधलीत. त्यांना कळत नसेल का?" नितीन इंजिनिअर आहे. त्याच्या कामावर मोठमोठी थंड करायची यंत्रं आहेत, वडिलांनी सांगितलं त्यात खोट नाही हे त्याला समजत असणारच. त्याने एक शब्द टाकला असता तर अमोलरावांनी ऐकलं असतं. पण जावयाला खाली बघायला लागेल असं आपण बोलू नये, आमच्याकडे तशी रीतच आहे. जावयाच्या पानात जास्त तूप वाढायचं आणि त्याच्या बोलण्यात चूक काढायची नाही. मला माझ्या आईने हेच शिकवलं, मी माझ्या मुलांना.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरचं सरलेलं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने रेश्माचं घर काढलं. न पाहिलेलं घर. तिला फोन करून करून विचारलं, न्हाणीघरातल्या पंख्याचा पाइप कुठे निघतो, माळ्यावर चढायला झाकण कुठे आहे, छतात दिवे कुठे बसवलेत. पाइप माळ्यावरच सोडला होता, बाहेर काढलाच नव्हता. त्या सगळ्या जागी फुल्या मारल्या. खाली लिहिलं, भोकं बुजवा, पाइप बाहेर काढा, मग माळ्यावर भुशासारखं जे मिळत असेल ते जाड पसरा, पण वळचणीची हवा कोंडू नका, माळा गारच राहिला पाहिजे. बर्फ पडला की जमिनीवर उभं राहून लांब दांड्याने कडेचा बर्फ ओढून घ्या. शेवटी दोनदा अधोरेखित करून, बर्फ फोडू नका. मी तो कागद फोनसमोर धरला. रेश्मा म्हणाली, "हो बाबा, काढला फोटो." आठ दिवसांनी घरच्या ग्रुपवर अमोलरावांचा फोटो आला, शिडीवर चढून हातोड्याने पागोळ्या फोडताना. नितीनने खाली टाळ्या टाकल्या. हे फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिले. "कडेची पट्टी उचकटलीय," मला म्हणाले. "सांगू का?" मी म्हटलं, "जाऊ दे हो. किती वेळा सांगणार?"

फेब्रुवारीत, सकाळी हे खाली चालायला गेले असताना, रेश्माचा फोन आला. एकटीच होती, रडत होती. बाळासाठी तयार केलेल्या खोलीचं छत भिजून खाली आलं होतं. पाळण्यावरच पडलं. बाळ यायला अजून सव्वा महिना होता, म्हणून पाळणा रिकामा होता. "आई, बाबांनी सांगितलं होतं अगदी तिथेच गं, बाहेरच्या भिंतीला लागून... तू बाबांना सांगू नकोस. अमोलला फार लागेल. तो त्या दिवशी जे बोलून गेला ते त्याला आत्ताच खायला उठलंय." मी म्हटलं, नाही सांगणार. आणि खरं लिहायचं तर रेश्माने वडिलांना सोडून मला काहीतरी सांगितलं याचं मला त्या क्षणी सुख वाटलं. ती लहानपणापासून बापाची लेक. शाळेतलं, नोकरीतलं, सगळं बापाला सांगायची, मला फक्त काय रांधलंय ते विचारायची. पहिल्यांदा माझ्याजवळ काही ठेवायला दिलं होतं तिने. मी ते दागिन्यासारखं सांभाळलं.

जूनमध्ये पुन्हा असाच एकटीचा फोन. तिकडच्या कामगारांनी माळा उघडून बघितला आणि सगळं तसंच निघालं. भोकं बुजवली, पाइप छपराबाहेर काढला, जाड थर पसरला, वळचणीला हवेच्या वाटा ठेवल्या. "त्या माणसाला मी बाबांचा कागद दाखवला आई. त्याने विचारलं, कोणी काढलाय?" मी विचारलं, "मग तू काय सांगितलंस?" ती म्हणाली, "माझ्या वडिलांनी. ते बर्फातले आहेत." किती छान बोलली होती. आणि लगेच पुढे, "पण अजून नको सांगूस हं. मग छत पडलं ते पण सांगावं लागेल. अमोल म्हणालाय, तो स्वतः सांगेल, भेटल्यावर." मी पुन्हा नाही म्हटलं. हे तेव्हा आतल्या खोलीत ईराच्या सायकलची चेन बसवत होते. दहा पावलांवर.

हा दुसरा हिवाळा आला आणि ह्यांनी पुन्हा सुरू केलं. नोव्हेंबरपासून रोज दुपारी ईरा शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी तिने तिकडची थंडी बघून सांगायची. "आजोबा, डे प्लस वन, नाइट मायनस सिक्स." कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत हे दोन आकडे लिहीत, वर दिवसाचा, खाली रात्रीचा. बर्फ पडून गेलेला असला आणि वरचा शून्याच्या वर, खालचा शून्याच्या खाली असला, की त्या चौकटीला गोल. गोल म्हणजे आज बांध धरणार. गोल केला की संध्याकाळभर अस्वस्थ. नवाला फोन. "रेश्मा, दांड्याने कडेचा बर्फ ओढलास का? बाळाला कुठल्या खोलीत निजवतेस? छप्पर दाखव जरा." रेश्मा म्हणायची, "हो बाबा, बघतो आम्ही. अजून अंधार आहे बाहेर." नाहीतर, "बाळाला घेऊन कुठे जाऊ थंडीत?" फोन वर करायचीच नाही. केला असता तर छप्पर अख्खं पांढरं दिसलं असतं, एक पागोळी नसती, आणि ह्यांना काही सांगावंच लागलं नसतं. ते बघताक्षणी समजले असते. मी शेजारी बसून लसूण सोलायचे आणि सोललेल्या पाकळ्या मोजत राहायचे. फोन संपला की हे म्हणायचे, "ती ऐकत नाही गं. आता लहान जीव आहे घरात." एका वाक्याचं काम होतं. 'अहो, त्यांनी केलंय, तुम्ही सांगितलं तसंच.' हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलं की पुढे पुढे वाटायचं बोलून झालंय. जानेवारीत त्यांना खोकला धरला. छातीत उतरला. हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस होते, आणि मी रोज डबा घेऊन गेले, रोज दोन तास बसले.

रेश्माला येता आलं नाही, बाळ तापाने फणफणलं होतं. तेरावं झाल्यावर त्या शनिवारी सगळे पुन्हा फोनसमोर बसलो. ह्यांची खुर्ची कोणी सरकवली नव्हती. अमोलराव बाहेर अंगणात उभे होते, कोणी न सांगता. डोळे सुजले होते. म्हणाले, "आई, हे बघा," आणि फोन वर केला. छप्पर पांढरंशुभ्र, कडेपर्यंत. "बाबांनी सांगितलं होतं अगदी तसंच केलंय. मागच्या उन्हाळ्यातच. मला त्यांना दाखवायचं होतं... समोर भेटून सांगणार होतो मी, पाया पडून." रेश्मा मागे दारात उभी राहून रडत होती.

मी जावयासमोर आजवर मान वर करून बोललेली नाही. त्या दिवशी बोलले. "आता कोणाला दाखवता, अमोलराव?"

मग नितीन माझ्याकडे वळला. "आई, तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"जूनपासून."

"आणि बाबा रोज..." त्याने कॅलेंडरकडे बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. उठून पाणी प्यायला गेला. माझ्यावर रागवायला तोही मोकळा नव्हता. टाळ्या त्यानेच टाकल्या होत्या.

कॅलेंडर अजून स्वयंपाकघरात आहे. मागच्या वर्षीचं तसंच खिळ्यावर, त्याच्यावर यंदाचं. जानेवारीचे पहिले काही दिवस भरलेले, त्यातल्या पाच चौकटींना गोल. ते हॉस्पिटलात गेले तिथून चौकटी कोऱ्या. सूनबाई महिन्याची पानं उलटते, मी पुन्हा जानेवारी काढून ठेवते. परवा ईरा शाळेतून आली, मी एकटीच होते. तिला म्हटलं, आजोबा गेले त्याच्या आदल्या दिवशी तिकडे किती होतं ते तुझ्या फोनमध्ये अजून सापडेल का? तिने शोधलं. "आजी, डे प्लस टू. नाइट मायनस सेव्हन." मग माझ्याकडे बघून विचारलं, "सर्कल करायचं, आजी? आजोबा वुड सर्कल."

ह्यांची पेन्सिल खिडकीच्या कठड्यावर होती. मी त्या चौकटीत वर दोन लिहिलं, खाली उणे सात. गोल केला नाही. त्याची गरज नव्हती, हे मला त्यांनी विचारलं तेव्हाही ठाऊक होतं.